रविवारचे अनाथ

माझी मुलगी तिशी ओलांडलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीत चार-पाच जणांची साहेब, आणि दर रविवारी सकाळी ती एल्फ होते. एल्फ म्हणजे टोकदार कानांची, जंगलात राहणारी, शेकडो वर्षं जगणारी एक काल्पनिक जात. हे तिने मला बाल्कनीत कपडे वाळत घालताना सांगितलं. सांगताना तिच्या चेहऱ्यावर जी तन्मयता होती, ती बघायला मी तिच्या दहावीच्या वर्षात तरसले होते.

मी बेळगावची. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. गेल्या दिवाळीनंतर माझी आई गेली. ती बरीच वर्षं अंथरुणाला खिळून आमच्याकडेच होती. तिच्यामागे घर एकदम मोठं झालं. मुलगी म्हणाली, "आता तरी ये की इकडे." यजमानांना त्यांची बाग आणि त्यांचे मित्र पुरेसे होते, त्यांनी आनंदाने मला गाडीत बसवून दिलं. अशी मी बेंगळूरला, महादेवपुऱ्यात मुलीच्या फ्लॅटवर आले, आणि रविवारच्या सकाळी एकटी बसून राहू लागले, कारण त्या वेळी माझी मुलगी जंगलात असायची.

मग तिच्या या रविवारच्या खेळातला एक जण बदली होऊन हैदराबादला गेला.

"आई, एक जागा रिकामी झालीय. चल ना," मुलगी म्हणाली. "नाहीतरी घरी बसून आम्हाला नावं ठेवतेस. प्रत्यक्ष बघून ठेव."

हे मला पटलं. न बघता नावं ठेवणं मलाही जरा कमीपणाचं वाटत होतं.

खेळ असा आहे. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "मी दार उघडतो", "मी त्याच्यावर तलवार चालवते" असं नुसतं तोंडाने म्हणायचं, आणि ते जमलं की नाही हे फासे टाकून ठरवायचं. गोष्ट सांगणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात, थोडक्यात मास्टर. मीही आयुष्यभर मास्तरकी केली, पण त्यासाठी मला बी.एड. करावं लागलं होतं.

हे मास्टर व्हाइटफील्डला राहत. आम्ही रिक्षाने गेलो. रिक्षावाल्याशी मी कन्नडात बोलले. माझं उत्तरेकडचं कन्नड ऐकून त्याला हसू आलं, पण निदान आमचं बोलणं झालं. मुलीला इतक्या वर्षांत 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढंच येतं. एल्फांच्या भाषेतले शब्द मात्र बरेच येतात. सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने आमचे फोटो काढले, वरून फोनवर परवानगी आली, मग लिफ्टला कार्ड लागलं. एवढा बंदोबस्त कशासाठी, तर वर काही प्रौढ माणसं राक्षसांशी लढणार होती म्हणून.

मास्टर मूळचे पुण्याचे, चाळिशीला आलेले, दाढी राखलेले. मी दोन वाक्यं बोलले असेन-नसेन, ते म्हणाले, "आंटी, तुमचं मराठी किती क्यूट आहे!"

बेळगावात आम्ही मराठीसाठी काय काय सोसलं हे या माणसाला सांगावं असं क्षणभर वाटलं. पण त्यांच्या टी-शर्टवर ड्रॅगन होता, आणि ड्रॅगन घातलेल्या माणसाशी गंभीर बोलायला मला जमेना.

टेबलाभोवती मुलीशिवाय आणखी दोघं होती. एक नागपूरचा मुलगा. म्हणजे मुलगा कसला, केस विरळ व्हायला लागले होते. त्याने मात्र उठून खुर्ची दिली. "काकू, तुम्ही इकडे बसा नं, पंख्याखाली." दुसरी इथलीच, कन्नड घरातली तरुणी. येलहंक्याला आईवडिलांबरोबर राहायची, आणि तिचे वडील तिला दर रविवारी एवढ्या लांबून गाडीने सोडायला यायचे. खेळ संपेपर्यंत ते खाली बागेत बसत.

टेबलाच्या मधोमध काचेची एक बरणी होती. तिच्यात फासे पडले होते.

"हे काय?" मी विचारलं.

"जेल," नागपूरकर म्हणाला. "जे फासे सारखा कमी आकडा देतात, त्यांना आम्ही शिक्षा देतो. त्यांनी सुधरावं म्हणून."

मी मुलीकडे बघितलं. हिला संभाव्यता मी स्वतः शिकवली होती, शेंगदाणे आणि वाटाणे घेऊन, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. तिने नजर दुसरीकडे वळवली. देशातल्या बँका ज्यांच्या प्रोग्रॅमवर चालतात, ते इंजिनिअर प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला तुरुंगात टाकत होते, आणि माझ्याखेरीज कुणालाही त्याची लाज वाटत नव्हती.

पहिलं काम म्हणजे माझं पात्र तयार करणं. मास्टरनी एक छापील कागद पुढे सरकवला. ताकद, चपळाई, बुद्धी, शहाणपण, असे रकाने. प्रत्येकासाठी फासे टाकायचे, येईल तो आकडा लिहायचा. माझं ताकदीचं दान इतकं वाईट पडलं की टेबलाभोवती सगळ्यांनी 'अरेरे' केलं.

"आंटी, परत टाका," मास्टर उदारपणे म्हणाले. "आम्ही सगळ्यांनीच टाकलंय. चालतं."

मी बाकीच्यांचे कागद बघितले. खरंच, एकानेही कमीचं दान ठेवलं नव्हतं. सगळे बलदंड, सगळे चपळ, सगळे देखणे. नागपूरकराला लिफ्ट बंद पडली तर तिसऱ्या मजल्यावर धाप लागते हे त्यानेच मघाशी सांगितलं होतं. कागदावर तो बैल उचलत होता.

"राहू दे," मी म्हटलं. "माझ्या वयाला एवढीच ताकद असते." शहाणपणाचं दान चांगलं पडलं, ते मी काही न बोलता लिहून टाकलं.

मग धंदा निवडायचा होता. मास्टरनी माझ्यासाठी आधीच ठरवून ठेवला होता.

"तुम्ही हीलर घ्या. सगळ्यांच्या जखमा बऱ्या करायच्या, प्रार्थना करायची. टीमला हीलरची गरज आहेच. आणि तुम्हाला अगदी सूट होईल."

"का सूट होईल?"

"म्हणजे... आईसारखी भूमिका असते ती."

कित्येक वर्षं मी माझ्या आईची कूस बदलली होती, तिला चमच्याने पेज भरवली होती, पाठीच्या जखमांना मलम लावलं होतं. ते मी मनापासून केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रविवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, खोट्या जगात जाऊनही मी परत तेच करावं, अशी या दाढीवाल्या माणसाची कल्पना होती.

"मी कुणालाही बरं करणार नाही," मी म्हटलं. "यात आणखी काय काय आहे?"

मुलीने पुस्तक उघडून दाखवलं. योद्धा, जादूगार, गवय्या, चोर. चोराखाली लिहिलं होतं की त्याला आवाज न करता चालता येतं आणि कुठलंही कुलूप उघडता येतं.

"चोर," मी म्हटलं.

"आई!"

"का? एल्फ चालते, चोर चालत नाही?"

येलहंक्याची मुलगी मोठ्याने हसली आणि कन्नडात म्हणाली, "आंटी, सुपर." मला ती तिथपासून जरा बरी वाटायला लागली.

आता राहिली पात्राची मागची गोष्ट. ती कोण, कुठली, घरातून बाहेर का पडली. मास्टर म्हणाले, मला अंदाज यावा म्हणून आधी बाकीच्यांनी आपापली गोष्ट सांगावी.

नागपूरकराच्या योद्ध्याचं सगळं खानदान एका राक्षसाने एका रात्रीत कापून काढलं होतं. तो हे सांगत असतानाच त्याचा फोन वाजला. 'आई' असं नाव दिसत होतं. त्याने फोन कापला आणि पुढे सांगितलं की त्या रात्रीपासून त्या योद्ध्याला जगात स्वतःचं असं कुणी उरलं नाही. फोन परत वाजला. जेवलास का, एवढंच विचारायचं असणार. त्याने तो उलटा करून ठेवला.

येलहंक्याच्या मुलीच्या जादूगारणीला जन्मल्याबरोबर आईबापांनी देवळाच्या पायरीवर टाकून दिलं होतं. खाली बागेत तिचे वडील हिच्यासाठी फ्लास्कमधून कॉफी घेऊन बसले होते.

मग माझी मुलगी. तिने ही गोष्ट फार पूर्वी लिहिली होती, आणि मी कधी त्या टेबलाशी बसेन असं तिला स्वप्नातही वाटलं नसणार. ती कागदाकडे बघतच बोलली, इंग्रजीत, भरभर. तिची एल्फ लहान असताना शत्रूंनी जंगल पेटवलं. तिच्या डोळ्यांदेखत तिची आई जळून मेली. त्या दिवसापासून ती एकटी भटकते, आणि तिला कुणाचीही गरज नाही.

मास्टर फासे गोळा करू लागले.

"त्या आईचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"नाव... नाही ठेवलं," मुलगी म्हणाली.

"नाव लागत नाही, आंटी," मास्टर म्हणाले. "ती फक्त बॅकस्टोरीत आहे."

"मारायच्या आधी निदान बारसं तरी करायचं," मी म्हटलं.

मुलीचे कान लाल झाले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्या वेळी वाटलं नाही. मी त्या तिघांकडे बघत होते. घरून डबे येतात, लाडू येतात, आजारी पडलं की आईबाप पहिल्या गाडीने धावत येतात, आणि ही माणसं रविवारी एकत्र जमून आईबापांना जाळतात, कापतात, हरवून टाकतात. का, तर त्याशिवाय शूर होता येत नाही.

"माझ्या म्हातारीचं लिहून घ्या," मी मास्टरना म्हटलं. "वय साठ. घरी नवरा आहे, तो जिवंत. मुलगे आहेत, सुना आहेत, सगळे जिवंत. गाय आहे, तीही. आणि तिची आई आहे. ऐंशीच्या पुढची, पण हिंडतीफिरती. डोळे चांगले, दात चांगले, विहिरीचं पाणी स्वतः काढते."

नाव म्हणून मी माझ्या थोरल्या नणंदेचं नाव दिलं. आयुष्यात एकदा तिला चोर म्हणायची इच्छा होती.

मास्टरनी पेन खाली ठेवलं. "आंटी, हे गोड आहे. पण पात्राला एक जखम लागते. सगळे सुखात आहेत, तर ही बाई घर सोडून बाहेर पडेल कशाला?"

"बाहेर काय आहे ते बघायला."

"ते फार कमकुवत कारण आहे."

"तुम्ही पुण्याहून इथे का आलात?"

"जॉबसाठी."

"गाव जाळलं होतं कुणी तुमचं?"

नागपूरकर खो-खो हसला. मास्टरही हसले, पण नुसते ओठांनी. त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं आणि खेळ सुरू झाला.

खेळ कसला, एका जंगलातून चालणं होतं. तासभर आम्ही चाललो, वाटेत दोन कोल्हे मारले, आणि मी एका व्यापाऱ्याच्या पेटीचं कुलूप उघडलं. ते मला आवडलं हे मी कुणाला कळू दिलं नाही. मग एकाएकी मास्टरनी आवाज खोल केला. समोरून घोड्यावरून एक निरोप्या आला म्हणे, धापा टाकत. माझ्या म्हातारीकडे बघून तो म्हणाला, बाई, तुमचं गाव लुटारूंनी जाळलं, कुणीही वाचलं नाही.

मास्टर माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं, आता खरी गोष्ट सुरू झाली. अनाथ केल्याशिवाय त्यांना माणूस हाताळता येत नव्हता. शाळेतही असे शिक्षक बघितलेत मी, पोर रडलं की ज्यांना शिकवल्यासारखं वाटतं.

"माझ्या आईला मारायला तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"आंटी, इट्स जस्ट अ गेम."

मी पर्स उचलली. येलहंक्याची मुलगी "कूतकोळ्ळी आंटी, प्लीज" म्हणत राहिली, बसा, बसा. मी लिफ्टशी जाऊन उभी राहिले, आणि मग लक्षात आलं की कार्डाशिवाय ती लिफ्ट खालीही जात नाही. मुलगी कार्ड घेऊन मागून आली, तोवर मला तिथेच उभं राहावं लागलं. अपमानाची तीही एक तऱ्हा.

आम्ही रिक्षाने परत निघालो. रस्ता तुंबला होता, शेजारी ऑफिसच्या रिकाम्या बसची रांग उभी होती. मी तिच्या मास्टरबद्दल, त्याच्या दाढीबद्दल, त्या बरणीबद्दल जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. शेवटी म्हटलं, "आईबाप मेल्याशिवाय तुम्हाला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, असले कसले तुम्ही शूर?"

मुलगी बाहेर बघत होती. ती रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाली, "आजी असती, तर तू आली असतीस का इकडे?"

उत्तर मला माहीत होतं. मुलगी बेंगळूरला आल्यापासून मी एकदाही तिच्याकडे राहायला आले नव्हते. तिचं ऑपरेशन झालं तेव्हाही तिच्याजवळ तिची मैत्रीण होती. आई गेली आणि मी महिन्याभरात गाडीत बसले. त्या टेबलावरची बाकी सगळी माणसं खोटी अनाथ होती. खरी मी एकटी. आणि मीच तेवढी कागदावर घर भरून घेऊन बसले होते.

पुढच्या रविवारी मी जाणार नव्हते. शनिवारी मास्टरचा फोन आला. मुलीने त्यांना काहीतरी सांगितलं असणार, कारण आवाज पिठासारखा मऊ होता. "आंटी, तो निरोप्या चुकला होता. तुमचं गाव सुखरूप आहे. आपण ते झालंच नाही असं समजू."

मला ही दया मुळीच सोसली नाही. "असं कसं समजू?" मी म्हटलं. "निरोप आला तो आला. माझी म्हातारी स्वतः परत जाऊन बघेल. मग काय असेल ते असेल."

म्हणून तो सगळा रविवार आम्ही माझ्या गावाकडे चालत होतो. राक्षस मारायला निघालेला योद्धा, टाकून दिलेली जादूगारण आणि टोकदार कानांची माझी मुलगी, तिघंही कुरकुर न करता माझ्याबरोबर आले. वाटेत नदीला पूर होता. योद्ध्याने माझ्या म्हातारीला खांद्यावर घेतलं. त्यासाठी त्याला फासा टाकावा लागला, आणि मी श्वास रोखून त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याकडे बघत होते. याची मला अजून चीड येते.

गाव निम्मं जळलं होतं. मास्टरनी आपल्या निरोप्याचा तेवढा तरी शब्द राखला होता. माझं घर शाबूत होतं. अंगणात म्हातारीची आई बसली होती.

मास्टरनी थरथरता आवाज काढला. "बाळ... आलीस तू? माझे डोळे तुझ्याच वाटेकडे लागले होते..."

"थांबा," मी म्हटलं. "माझी आई असलं काही बोलत नाही."

"मग काय म्हणेल ती?"

आणि मी बोलले. कसं कुणास ठाऊक, पण आवाजही तिचाच आला, आजारपणाच्या आधीचा, अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "आलीस काय? आणि ही कोण पोरं घेऊन आल्यास? त्यांच्या पोटात काय हाय की नाही? उभी काय राहिल्यास, पाय धू आधी. आणि जायचं असलं तर जेवून जा, मी काय धरून ठेवायची नाही तुला."

मुलगी माझ्याकडे बघत होती. नागपूरकराने नाक पुसलं. मास्टरचे डोळे चक्क भरून आले होते, आणि त्यांनी ते लगेच वाया घालवले. "व्हॉट अ परफॉर्मन्स, आंटी!" ते म्हणाले. या माणसाला गप्प राहणं म्हणून शिकवलेलंच नाही.

माझी म्हातारी जेवली, झोपली आणि सकाळी परत निघाली. आईने तिला अडवलं नाही.

त्या दिवशी रस्त्यावर गर्दी होती म्हणून आम्ही मेट्रोने निघालो. बसायला जागा मिळाली. मुलगी म्हणाली, "आजी खरंच अशी बोलायची?"

"तुला आठवत नाही?"

"मला आता पलंगावरचीच आजी आठवते."

मग मी तिला सांगायला लागले. बाजारात भाजीवाल्याने एकदा खाली कुजलेले टोमॅटो घातले, तेव्हा तिच्या आजीने त्याला आधी मराठीत झाडलं, मग कन्नडात, मग त्याच्या तागडीतली वजनं उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि सरळ चालू लागली, आणि तो आख्ख्या बाजारातून "अक्का, अक्का" करत तिच्यामागे धावत होता. बोलता बोलता आमचं स्टेशन मागे गेलं. पुढच्या स्टेशनावर उतरून, जिना चढून पलीकडच्या बाजूला आलो आणि उलट्या दिशेच्या गाडीची वाट बघत उभ्या राहिलो.

"मग?" मुलगी म्हणाली. "वजनं परत दिली का तिने?"